आधी खापरं मोजा, मग कुदळ उचला

अथेन्सच्या केरामैकोस भागात, एरिडानोस नदीच्या जुन्या पात्रात, १९६६च्या सुमारास जर्मन पुरातत्त्वज्ञांना खापराचे साडेआठ हजारांच्या आसपास तुकडे मिळाले. प्रत्येकावर कुणा ना कुणाचं नाव कोरलेलं होतं. यंदा एखाद्या पुढाऱ्याला दहा वर्षांसाठी हद्दपार करायचं का, हे अथेन्सचे नागरिक वर्षातून एकदा ठरवत. करायचं ठरलं, तर प्रत्येकजण फुटक्या मडक्याच्या तुकड्यावर नकोशा माणसाचं नाव खरवडून तो तुकडा टाकून येई. प्राचीन काळातल्या मतदानाचा इतका मोठा गठ्ठा दुसरीकडे कुठे हाती आलेला नाही. मध्यंतरी त्याचा थोडाथोडा भाग छापला गेला, त्यावर लेखही लिहिले गेले. पण तुकड्यागणिक संपूर्ण सूची प्रसिद्ध झाली ती २०१८ साली. मध्ये अर्धशतक उलटलं.

यात कुणा एका अभ्यासकाला दोष देण्यात अर्थ नाही. ज्यांनी ती सूची पुरी केली त्यांचे उपकारच मानायला हवेत. दोष आहे तो व्यवस्थेचा. खोदायला पैसा मिळतो, परवाना मिळतो, वर्तमानपत्रात छायाचित्र येतं. खोदून निघालेली पोतीच्या पोती खापरं धुऊन, वेगळी करून, मोजून, नोंदवायला मात्र कुणी हात सैल सोडत नाही. म्हणून माझं म्हणणं असं, की जिथे धरण, रस्ता, मेट्रो अशी निकड नाही, तिथे आधीच्या हंगामातल्या खापरांची आणि मूर्तींच्या तुकड्यांची नोंद पुरी झाल्याशिवाय नव्या खंदकाला परवाना देऊ नये. उत्खननाच्या मंजूर रकमेतून नोंदणीचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढावा आणि त्याला दुसऱ्या कामासाठी हात लावू देऊ नये.

हे कडक वाटेल, पण उत्खनन हे एकदाच करता येणारं काम आहे. रसायनशाळेतला प्रयोग फसला तर पुन्हा मांडता येतो. मातीचा थर एकदा उपसला की संपला. मागे राहतं ते खोदणाऱ्याच्या वहीत, चित्रांत आणि पिशव्यांवरच्या चिठ्ठ्यांत. चिठ्ठी हरवली की पिशवीतलं खापर म्हणजे नुसती भाजलेली माती.

केरामैकोसच्या तुकड्यांनी काय दिलं ते बघा. त्यांतल्या चार हजारांहून अधिक तुकड्यांवर मेगाक्लीस या बड्या घराण्यातल्या माणसाचं नाव आहे आणि पुष्कळांवर थेमिस्टोक्लीसचं. हा थेमिस्टोक्लीस म्हणजे सालामिसच्या समुद्रात इराणी आरमार बुडवणारा सेनानी. नोंद करताना लक्षात आलं, की एकाच मडक्याचे दोन तुकडे कडेला कड लावून जुळतात, आणि एकावर मेगाक्लीस आहे तर दुसऱ्यावर थेमिस्टोक्लीस. एक मडकं फुटलं, त्याचे तुकडे शेजारीशेजारी उभ्या असलेल्या माणसांनी उचलले आणि दोघांनी दोन नावं लिहिली. म्हणजे ही दोन्ही नावं एकाच वर्षीच्या मतदानात होती. अथेन्सच्या राजकारणाची सनावळी त्यामुळे पुन्हा तपासावी लागली. हा पुरावा कुठल्याही इतिहासकाराच्या ग्रंथात नव्हता. तो फुटलेल्या कडांमध्ये होता.

दुसरा दाखला याहून खमंग आहे. १९३७ साली पुरातत्त्वज्ञ ऑस्कर ब्रोनीर यांना अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीच्या उत्तर उतारावरच्या एका विहिरीत १९०च्या आसपास तुकडे मिळाले, सगळे थेमिस्टोक्लीसच्या नावाचे. अक्षर ताडून पाहिल्यावर ब्रोनीरनी दाखवलं, की एवढे तुकडे लिहिणारे हात जेमतेम चौदा आहेत. विरोधकांनी नाव आधीच लिहून गठ्ठे तयार ठेवले होते, हाच त्याचा सरळ अर्थ. मतदानाच्या दिवशी केंद्राबाहेर टेबल टाकून चिठ्ठ्या वाटणारे कार्यकर्ते आपल्याला नवे नाहीत, अथेन्सलाही नव्हते. पण हे कळलं कशामुळे? सगळे तुकडे एकाच विहिरीतले म्हणून एकत्र नोंदले गेले आणि एकत्रच ठेवले गेले म्हणून. त्यांतले दहा चांगले निवडून काचेच्या कपाटात मांडले असते आणि बाकीचे मातीच्या ढिगावर फेकले असते, तर आपल्याकडे थेमिस्टोक्लीसच्या नावाचे दहा देखणे तुकडे असते. इतिहास नसता.

तसं फेकणं एके काळी सर्रास चालत असे. एकोणिसाव्या शतकातल्या आणि विसाव्याच्या सुरुवातीच्या उत्खननांत चित्रं असलेली खापरं ठेवायची, रंगहीन, जाडीभरडी, काळवंडलेली टाकून द्यायची, हीच रीत होती. लोक काय रांधत, कशात रांधत, तेल आणि दारू कुठून आणत, हे नेमकं त्या टाकलेल्या ढिगात होतं.

शिस्त लावली ती कारकुनी वाटणाऱ्या माणसांनी. अथेन्सच्या अगोरामध्ये, म्हणजे जुन्या बाजारचौकात, अमेरिकन संस्थेचं उत्खनन १९३१ साली सुरू झालं. तिथली नोंदपद्धत बसवण्यात लुसी टॅल्कॉट यांचा मोठा वाटा होता. मडक्यांना ‘पी’, मातीच्या मूर्तींना ‘टी’, दिव्यांना ‘एल’, आणि प्रत्येक अक्षरापुढे चढता क्रमांक. त्या क्रमांकावरून कार्ड, कार्डावरून वहीचं पान, पानावरून खंदक, खंदकावरून थर. आज ती सगळी कार्डं आणि वह्या संगणकावर आहेत, आणि घरबसल्या पाहता येतात. हे जमलं याचं श्रेय संगणकाइतकंच नव्वद वर्षांपूर्वी पाडलेल्या त्या क्रमांकांना आहे. टॅल्कॉट यांनी पुढे ब्रायन स्पार्क्स यांच्याबरोबर अगोरातल्या काळ्या आणि साध्या मडक्यांची सूची केली, ती १९७० साली आली. आज भूमध्य समुद्राच्या कुठल्याही किनाऱ्यावर अथेन्सचा काळा वाडगा निघाला, की त्याचा काळ ठरवायला माणूस आधी तीच चाळतो. व्हर्जिनिया ग्रेस यांनी तर शिक्के मारलेल्या कुंभांच्या कानांवर, म्हणजे धरायच्या मुठींवर, आयुष्य घालवलं. बिचाऱ्या कानांकडे तोवर फारसं कुणी ढुंकून पाहत नव्हतं. ग्रेस यांच्या कार्डांमुळे रोड्स आणि क्निडोस या ग्रीक बंदरांच्या दारूचा व्यापार सालवार मांडता येऊ लागला.

ही दोन्ही नावं बायकांची आहेत हा योगायोग नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला परदेशी संस्था बायकांना खंदकात उतरू द्यायला नाखूश असत. अमेरिकन पुरातत्त्वज्ञ हॅरिएट बॉइड यांना स्वतःचं उत्खनन करण्यासाठी अथेन्स सोडून क्रीटला जावं लागलं. पुरुष देवळं खोदणार आणि बायका सावलीत बसून खापरं जुळवणार, अशी वाटणी पडली, आणि बायकांचं काम म्हणून त्या कामाची किंमतही कमी धरली गेली. ती किंमत अजून वाढलेली नाही. उत्खननाचा संचालक पहिल्या पानावर असतो. पाच हंगाम खापरं नोंदवणाऱ्याचं नाव ऋणनिर्देशात सापडलं तर सापडलं. नोंदणीला वेळ का लागतो, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. ज्या कामाला मान नाही, नोकरी नाही, ते काम तरुण अभ्यासक का धरेल?

काम कसं असतं तेही सांगायला हवं, कारण लोकांना वाटतं की ही गोडाऊनमधली मोजदाद आहे. पिशवी आली की खापर धुवायचं. पण रंगाचे अवशेष असतील किंवा आत काही चिकटलेलं असेल तर ब्रश लावायचा नाही. सावलीत सुकवायचं. काठ, बूड, कान आणि अंगाचे तुकडे वेगळे करायचे. तलम, जाडी आणि चुलीवरची भांडी वेगळी. मोजायचे, वजन करायचे. काठाच्या तुकड्याची वक्रता वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवली की अख्ख्या भांड्याच्या तोंडाचा व्यास निघतो. ताजी मोड पाहून मातीत अभ्रक आहे की चुनखडी, कण केवढे आहेत ते लिहायचं. रंग डोळ्यांनी ठरवायचा नाही, मन्सेलच्या रंगतक्त्याशी ताडायचा. अथेन्सची माती भाजल्यावर तांबूस होते, कोरिंथची फिकट पिवळसर, आणि सरावलेला माणूस तळहातावर तुकडा फिरवूनच गाव सांगतो. मग चित्र, छायाचित्र, क्रमांक. सगळ्याच तुकड्यांना स्वतंत्र क्रमांक द्यावा असं मी म्हणत नाही. अंगाच्या साध्या तुकड्यांचं थरवार वजन आणि संख्या पुरते. पण ते वजनही लिहिलेलं नसेल, तर पुढचा माणूस आंधळा.

मूर्तींच्या तुकड्यांत तर आणखी गंमत आहे. कोरिंथच्या डोंगरी किल्ल्याच्या उतारावर धान्याची देवी देमेतर आणि तिची मुलगी कोरे यांचं ठाणं होतं. १९६१ ते १९७५ या काळात तिथे झालेल्या उत्खननात मातीच्या मूर्ती आणि त्यांचे तुकडे मिळून वीस हजारांहून अधिक निघाले. बहुतेक मोडके: डोकं आहे तर धड नाही, हात आहे तर त्यातलं डुकराचं पिल्लू नाही. त्यांतल्या अभिजात ते रोमन काळापर्यंतच्या मूर्तींची सूची ग्लोरिया मर्कर यांनी २००० साली प्रसिद्ध केली. या मूर्ती साच्यातून काढत. साचा झिजला किंवा दुसऱ्या गावच्या कारागिराला तीच मूर्ती हवी झाली, की तयार मूर्तीवरूनच नवा साचा घेत. माती सुकताना आणि भाजताना आकसते, त्यामुळे दर पिढीत मूर्ती थोडी लहान होते आणि नाकडोळे बोथट होतात. म्हणून हनुवटीपासून केसांपर्यंतचं अंतर मिलिमीटरमध्ये लिहिलं, की एकसारख्या दिसणाऱ्या पन्नास चेहऱ्यांत आजी कोण आणि नात कोण हे ठरवता येतं. मूळ साचा अथेन्सचा आणि नात कोरिंथच्या मातीची, असं दिसलं तर साचे कोणत्या रस्त्याने फिरत होते तेही कळतं.

त्याच ठाण्यात सुपाच्या आकाराच्या मातीच्या चिमुकल्या टोपल्या मिळाल्या, आत मातीचेच पोळे आणि वडे. देवीला वाहिलेल्या नैवेद्याच्या या प्रतिकृती. अख्खी टोपली ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. पण सुटा पडलेला नखाएवढा वडा खडा म्हणून फेकला जाणार नाही, याची हमी नोंदणीची शिस्तच देते.

म्हणूनच ‘एकसारखे नमुने विकून टाका’ हा सल्ला ऐकला की मला चीड येते. हा सल्ला दर काही वर्षांनी नव्याने निघतो. वखारी भरल्या आहेत, सरकारकडे पैसा नाही, एकाच प्रकारची शंभर मडकी ठेवून काय करायचं, त्यांतली नव्वद संग्राहकांना विका आणि त्या पैशात उरलेली सांभाळा. ऐकायला व्यवहारी वाटतं. पण साच्यातल्या मूर्तींचं उदाहरण पाहिल्यावर ‘एकसारखी’ म्हणजे कोणती, हे कोण ठरवणार? आणि ठरवायचंच तर आधी प्रत्येकीचं माप घ्यावं लागेल, म्हणजे पुन्हा नोंदणीच आली.

बाजारात सुट्या मूर्ती गेल्या की काय होतं, हे ग्रीसने एकदा भोगलंय. १८७०च्या दशकात मध्य ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातल्या तानाग्राजवळच्या हजारो कबरी गावकऱ्यांनी आणि चोरट्या खोदणाऱ्यांनी उपसल्या. आत मिळालेल्या पदर घेतलेल्या डौलदार बायकांच्या मूर्तींनी पॅरिस आणि बर्लिनचे दिवाणखाने वेडे झाले. मागणी वाढली तशा नकली मूर्तीही निघाल्या, आणि आजही संग्रहालयांना खरी कोणती हे प्रयोगशाळेत तपासावं लागतं. ती मूर्ती पुरुषाच्या कबरीत होती, बाईच्या की लहान मुलाच्या. डोक्याशी होती की पायाशी. सोबत काय होतं, यातलं त्या मूर्तींबद्दल आता काहीच सांगता येत नाही. मूर्ती उरल्या, त्यांचा अर्थ गेला. तुकड्यांच्या बाजाराची रीत तर याहून नामी. अथेन्सचा चित्रकार ओनेसिमोस याने रंगवलेला एक मोठा प्याला, ट्रॉयच्या पाडावाचं चित्र असलेला, कॅलिफोर्नियातल्या गेटी संग्रहालयाने १९८०च्या दशकात तुकड्यातुकड्यांनी जमवला. तो इटलीतून चोरून खोदलेला निघाला आणि १९९९ साली इटलीला परत द्यावा लागला.

याच्या उलट बाजूही बघा. एप्रिल १९९० मध्ये कोरिंथच्या संग्रहालयावर दरोडा पडला आणि २८०हून अधिक वस्तू गेल्या. त्यांतल्या बहुतेक १९९९ साली अमेरिकेत मायामीला मासळीच्या खोक्यांखाली सापडल्या आणि नंतर परत आल्या. वस्तू कोरिंथच्या आहेत हे सिद्ध करता आलं, कारण उत्खननाच्या वहीत प्रत्येकीचा क्रमांक, माप आणि छायाचित्र होतं. जमिनीला सातबारा तशी पुरावस्तूला नोंद. नोंद नसेल तर मालकी सांगायला तोंडच उरत नाही.

आता आक्षेप. सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की थांबायला वेळच नसतो. उत्तर ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहराची मेट्रो नोव्हेंबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्या बोगद्यांसाठी आणि स्थानकांसाठी झालेल्या उत्खननात तीन लाखांहून अधिक वस्तू निघाल्या. तिथे ‘आधी नोंद, मग खोदा’ म्हणणं म्हणजे पुराचं पाणी घरात शिरत असताना सामानाची यादी मागणं. कबूल. म्हणूनच निकडीची उत्खननं मी सुरुवातीलाच वगळली. पण तिथे पैसा कुणी द्यायचा याचं उत्तर तयार आहे. ग्रीक कायद्यानुसार मोठ्या बांधकामांच्या उत्खननाचा खर्च प्रकल्पावर पडतो. तो खर्च शेवटची पेटी वखारीत गेली की संपतो असं धरलं जातं, तिथे बदल हवा. शेवटचा तुकडा सूचीत चढेपर्यंत प्रकल्पाची जबाबदारी चालू राहिली पाहिजे.

दुसरा आक्षेप शिक्षणाचा. खोदकाम थांबलं तर विद्यार्थी शिकणार कुठे? पण विद्यार्थ्याला खापर ओळखता येत नसेल तर तो खंदकात उतरून काय पाहणार? थर बदलला हे पुष्कळदा मातीच्या रंगाआधी खापर सांगतं. वखारीत पडलेल्या पेट्या हीच शाळा आहे, आणि तिथे शिकताना निदान काही नष्ट होत नाही.

तिसरा आक्षेप नवा आहे: यंत्रं करतील. युरोपात ‘आर्कएड’ नावाच्या प्रकल्पाने फोनवरच्या छायाचित्रावरून खापर ओळखण्याचे प्रयोग केले आहेत आणि ते आशादायक आहेत. यंत्राची मदत जरूर घ्यावी. काठांची चित्रं काढण्यातले महिने वाचले तर आनंदच. पण यंत्र शिकतं ते माणसांनी आधी केलेल्या नोंदींवरून. पिशवीवरची चिठ्ठी उंदराने खाल्ली असेल तर तुकडा कुठल्या थरातला हे कुठलंच यंत्र सांगू शकत नाही.

कायद्याबद्दल म्हणाल तर ग्रीसने थोडी वाट काढली आहे. परदेशी संस्थांना दरवर्षी मोजकेच परवाने मिळतात, आणि २००२च्या कायद्याने उत्खननकर्त्यावर प्रकाशनाची मुदतही घातली आहे. मुदत चांगलीच, पण तिचा काटा खोदकाम संपल्यावर फिरायला लागतो. तोवर मूळ माणसं विखुरलेली असतात, कधी जगातूनही गेलेली असतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ हम्फ्री पेन यांनी कोरिंथजवळच्या पेराखोराचं हेरा देवीचं ठाणं १९३० ते १९३३ या काळात खोदलं आणि १९३६ साली, चौतिसाव्या वर्षी ते वारले. पहिला खंड १९४० साली निघाला. दुसरा १९६२ साली निघाला, तोवर त्याचे संपादक टॉम डनबॅबिनही वारले होते. तरी हे काम पुरं झालं, कारण वह्या नीट होत्या आणि सहकारी इमानी होते. सगळ्यांच्या नशिबी असे सहकारी नसतात. म्हणून अट परवान्यालाच हवी, हंगामाहंगामाला.

हा प्रश्न ग्रीसपुरता नाही, कारण ग्रीक खापरं आपल्या दारापर्यंत आली आहेत. पुद्दुचेरीजवळच्या अरिकमेडूला मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४५ साली उत्खनन केलं आणि अहवाल पुढच्याच वर्षी छापला. तिथल्या दारूच्या कुंभांचे तुकडे पुढे एलिझाबेथ लायडिंग विल यांनी तपासले, तेव्हा त्यांतले कितीतरी ग्रीसच्या कोस बेटाच्या धाटणीचे, दुहेरी कानांचे निघाले. आपल्याकडे नेवासे, तेर अशा ठिकाणीही भूमध्य समुद्राकडचे कुंभ मिळाल्याच्या नोंदी होत गेल्या. नंतर रोबर्टा टॉम्बर यांनी भारतातल्या अशा संग्रहांतले तुकडे एकेक करून पुन्हा पाहिले. त्यांच्या लक्षात आलं, की पश्चिम भारतात ‘रोमन’ म्हणून नोंदलेले बरेचसे तुकडे मुळी रोमन नाहीतच. ते मेसोपोटेमियाकडच्या, आतून डांबर लावलेल्या बिनकानांच्या लांबट रांजणांचे आहेत. म्हणजे ज्याला आपण रोमशी व्यापार म्हणत होतो, त्यातला मोठा हिस्सा इराणी आखाताशी होता, आणि तोही पुष्कळसा नंतरच्या शतकांतला. ही दुरुस्ती होऊ शकली, कारण तुकडे ठेवलेले होते आणि कुठले ते लिहिलेलं होतं. पहिली ओळख चुकली तरी चालतं. तुकडाच जागेवर नसेल तर चूकही सापडत नाही.

आणि हे आपल्याला जमत नाही असंही नाही. डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि सहकाऱ्यांनी नेवासे १९५४ ते १९५६ या काळात खोदलं आणि जाडजूड अहवाल १९६० साली हातात दिला. उत्खननाच्या छावणीत पॉटरी यार्ड आखून, चौकोनाचौकोनात खापरं मांडून, रोजची खापरं रोज पाहायची ही रीत आपल्याकडच्या पुरातत्त्वाच्या विद्यार्थ्याला पहिल्या छावणीतच कळते. छावणी उठल्यावर त्या खापरांचं काय होतं, तिथे घोडं अडतं.

ते सोडवायला नवा आयोग नको. परवान्याच्या अर्जात तीन रकाने वाढवावेत: मागच्या हंगामातली खापरं आणि मूर्तींचे तुकडे कुठे ठेवले आहेत, थरवार वजन किती, आणि सूची कुठे पाहायला मिळेल. सूची सगळ्यांसाठी खुली असावी आणि ती करणाऱ्यांची नावं लेखक म्हणून छापावीत. रकाने कोरे असतील तर अर्ज परत पाठवावा, मग अर्जदार कितीही मोठा असो.